दुसरं बोलावणं

विमानात चढण्याआधी तो खाली वाकायचा आणि मूठभर माती उचलायचा. मूठ आवळायचा, उघडायचा, तळहाताकडे बघायचा. मातीचा गोळा झाला असेल तर तोंड वाकडं करायचा. भुरभुरली तर पँटीला हात पुसून माझ्याकडे बघून म्हणायचा, "काई होत नाई, भाऊ!" एवढंच वऱ्हाडी त्याला नीट येत होतं, आणि तेही मी शिकवलेलं.

तुम्ही म्हणाल, गोऱ्या वैमानिकाला मातीचं काय करायचं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हा गोरा इंग्रज नव्हता, ऑस्ट्रेलियाचा होता. शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि त्याच्या बापाची जमीन आमच्यासारखीच काळी होती. पहिल्या दिवशी विमानातून उतरला तो कोणाला सलाम ठोकायच्या आधी पट्टीच्या कडेच्या वावरात शिरला. एक ढेकूळ फोडलं, हुंगलं, आणि मला म्हणाला, "ही ओळखीची आहे. ओली झाली की बैल गिळते." आमचा ओव्हरसियर मागे पुटपुटला, "एक येडं आलं."

वेडा नव्हता. वय बावीस-तेवीस, उन्हाने सोललेलं नाक, लालभडक कान. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या मृत्यूच्या सरकारी कागदात त्या नावापुढे 'वैमानिकाची चूक' असं लिहिलेलं आहे. चूक त्याची नव्हती. हे एवढं वाक्य लिहायला मला उभा जन्म लागला, तेव्हा नावाचं राहू द्या.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. अकोल्याजवळ आमच्या गावाला लागून सरकारने मुरूम टाकून, रूळ फिरवून विमानाची पट्टी केली होती. मी मॅट्रिक होऊन अमरावतीला एका वकिलाकडे दोन वर्षं कागद खरडले होते. इंग्रजी बरं होतं म्हणून पट्टीवर कारकून लागलो. हजेरी लिहायची, पिंपं मोजायची, आणि सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे कपडा अंथरायचा. पट्टी ठीक असेल तर पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या, एक उभी आणि तिच्या डोक्यावर एक आडवी, अशा खुंट्यांनी ठोकायच्या. वरून वैमानिकाला कळतं की जमीन पाहिलेली आहे, इथे या बाजूने उतर. पट्टी बिघडली असेल तर त्याच पट्ट्यांची फुली करायची. लहान विमानात बिनतारी यंत्र नव्हतं. आमचं बोलणं सगळं त्या कापडातून.

तो ब्रह्मदेशाच्या बाजूला लढून आला होता. मलेरियाने पार चिपाड झाला होता, म्हणून अंगात ताकद येईपर्यंत त्याला इकडे हलकं काम दिलं होतं: नागपूरहून डाक आणायची, कागद न्यायचे. हलकं काम म्हणे! चढण्याआधी रोज तो पिंपांच्या शेडमागे जायचा. मला वाटायचं, लघवीला जात असेल. एकदा पाना आणायला मी तिकडे गेलो तर तो भिंतीला हात टेकून ओकत होता. मला बघून त्याने बुटाने वर माती ढकलली, तोंड पुसलं आणि तेच म्हणाला, "काई होत नाई, भाऊ." त्याच्याबरोबर एका बोटीतून आलेले सगळे सोबती गेले होते, तो एकटा उरला होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही बुटाची नाडी बांधता बांधता.

त्याच दिवशी तो मला म्हणाला, "आभाळाचं माझं मी बघतो. जमीन तुझ्यावर."

मी छाती फुगवून "येस सर" म्हणालो. त्या वयात माणूस कशालाही "येस सर" म्हणतो.

आमचं वावर पट्टीच्या पूर्वेला, मध्ये बाभळींची रांग. माझा बाप भाजीपाला करायचा: वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि कडेला झेंडू. पट्टीवरच्या कॅम्पात भाजी आमचीच जायची, त्यामुळे हा साहेब आमच्या विहिरीवर येऊ लागला. बाबा आधी "या सायेब, बसा सायेब" करायचा. पंधरा दिवसांत "काहून बे, आज जेवला नाहीस का?" वर आला. मी त्याचं इंग्रजी करून सांगायचो, पण 'बे'चं इंग्रजी मला कधी जमलं नाही.

आमच्या मोटेचं चाक भयंकर करकरायचं. एका सकाळी याने विमानाचं वंगण आणलं आणि चाकाला चोपडून दिलं. आवाज एकदम बंद. हा खूश, बाबा मात्र कपाळाला हात लावून बसला. "अरे बाप्पा, आता मी बजारात बसलो असलो तं मोट चालू हाये का गडी झोपला, मले समजन कसं?" मी हसत हसत साहेबाला सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी चिंध्या आणि राख घेऊन आला आणि तासभर घासून सगळं वंगण काढलं. चाक पुन्हा करकरलं तेव्हा बाबाने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की बिचाऱ्याला खोकला आला.

एकदा त्याने विचारलं, "मी नेमका कोणाच्या देशात उतरतो?" मी सांगितलं, कागदावर वऱ्हाड निजामाचं, कारभार मध्यप्रांत सरकारचा, सरकार इंग्रजाचं. बाबाने विचारलं, काय म्हणते हा? सांगितल्यावर म्हणाला, "त्याले सांग, वावर माह्यं हाये."

अमरावतीला आम्ही एकदाच गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलली. त्याला आईसाठी लुगडं घ्यायचं होतं. दुकानदाराने नऊवारी उलगडलं, तसा हा त्याच्या काठाकाठाने पावलं मोजत दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. "माझी आई यात सगळ्या खिडक्यांचे पडदे शिवील," म्हणाला. दुकानदार चिडला, "पडद्यासाठी नोको नेऊ म्हना, हे सवासनीचं लुगडं हाये." शेवटी त्याने हिरवं, लाल काठाचं घेतलं आणि परतीच्या गाडीत मांडीवर धरून बसला.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे जेवणाचं निमंत्रण दोनदा असतं. सकाळी आवतन द्यायचं, आणि पानं मांडली की घरचं माणूस पुन्हा बलावनं करायला जायचं. भला माणूस बलावनं आल्याशिवाय उठत नाही. यजमान बलावनं करायला चुकला तर पाहुणा उपाशी राहील पण येणार नाही, आणि यजमानाच्या तोंडात लोक शेण घालतील. हे साहेबाला काय ठाऊक? पहिल्यांदा आवतन दिलं तेव्हा तो दिलेल्या वेळेला हजर. चूल नुकती पेटलेली, माय कणीक मळत होती. हा ओसरीवर बसून दोन तास भुकेला, आणि माय लाजेने अर्धी.

मी त्याला रीत समजावली. त्याला ती फार आवडली. "आमच्याकडे एकदाच बोलावतात," तो म्हणाला. "नाही आला तर त्याचा भाग कुत्र्याला."

बाबाने तेव्हाच मला विचारलं, "तू रोज त्या पट्टीवर धोतरं आंथरून राहतो, ते काय हाये?"

मी तोंड वर करून सांगितलं, "तेच बाबा. बलावनं. आभाळातल्या मानसाले."

इतकंच सांगितलं. जमीन तपासलेली असते, कपडा असतो तिथेच उतरायचं असतं, हे काही सांगितलं नाही. बापाला कशाला सांगायचं? मोठा शहाणा लागून गेलो होतो मी.

मार्गशीर्षात त्याला पुन्हा पूर्वेकडे जायचा हुकूम आला. कागद वाचला आणि घडी करून खिशात घातला. त्या दिवशी तो शेडमागे दोनदा गेला. म्हणाला, नागपूरची एक फेरी करून येतो, परवा दुपारी परत, त्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. बाबाला कळलं तेव्हा तो भाजीची टोपली टाकून पट्टीवर आला. "परवा रोडगे करतो वावरात. जेवून जाजो. बलावनं धाडीन." साहेबाने मान हलवली. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "बलावनं." बाबाला भरून आलं. "लेकरू परत येत नाही आता," रस्त्याने तो मला म्हणाला.

परवाच्या आदल्या रात्री नको तो पाऊस आला. तास-दोन तासच, पण धो धो. सकाळी जाऊन बघतो तर पट्टीला आडवी कंबरभर खोल नाळी पडलेली. मी फुली ठोकली आणि मजूर लावले. मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा मी पलीकडच्या बरड जमिनीवर चालून, टाच मारून बघितलं होतं आणि तिथे कपडा अंथरला होता. तो बेशक उतरला होता. या वेळी बरडावर गिट्टीचे ढीग टाकलेले. म्हणून नुसती फुली ठेवली. म्हटलं, बघेल आणि नागपूरला परत जाईल, रोडगे राहिले तर राहिले.

घरी निरोप पाठवावा असं मनातही आलं नाही. चारशे पावलांवर घर होतं.

दुपारी आवाज आला. विमान पूर्वेकडून आलं, म्हणजे आमच्या वावरावरून. पट्टीवर एक घिरटी घातली. मी दोन्ही हात हलवले, जा, जा. त्याने पंख डोलावले, आणि मला वाटलं, चला, समजला. तो वळला, खाली खाली आला आणि बाभळींच्या मागे गेला.

आवाज मोठा नव्हता. चिखलात म्हैस बसावी तसा. मग मायची किंकाळी.

बाभळी ओलांडून मी धावलो. कांद्यासाठी राखलेलं आमचं वावर, वखर मारून तळहातासारखं केलेलं, वरून उन्हाने सुकलेलं, आणि खाली सगळं लोणी. विमान नाकावर पडून उलटं झालं होतं. आणि वावराच्या मधोमध बाबाची दोन कोरी धोतरं, एक उभं, एक आडवं, चारी टोकांना खुंट्या. एका बाजूला गोवऱ्यांचा आर, त्यात भाजत घातलेले कणकेचे रोडगे. निंबाखाली पत्रावळी मांडलेल्या. पानं मांडली होती म्हणून बाबाने बलावनं केलं होतं. त्याच्या हिशेबाने घरातून हाक मारायची असते. पाहुणा बैल कुठे सोडतो ते पाहुण्याचं. विमान पट्टीवर उतरेल आणि साहेब चालत येईल, असंच त्याला वाटलं होतं.

साहेबाला काय वाटलं असेल, ते मला सांगायला नको. पट्टीवर फुली आणि शेजारी कपडा. म्हणजे भाऊने जमीन पाहून ठेवली आहे.

आम्ही त्याला ओढून काढलं. शुद्धीवर होता. छाती दबली होती, श्वास घेताना बुडबुड्यासारखा आवाज येत होता. बाबाने बैलबंडी जुंपली, गवत टाकलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "चाल न लवकर!" तो मला ओरडला.

मी गेलो नाही.

मला ती धोतरं दिसत होती. ओव्हरसियर येईल, फौजी साहेब येतील, विचारतील हे कोणी अंथरलं. बेचाळीसची धरपकड आमच्या भागातल्या लोकांनी पाहिली होती. शत्रूला खुणा करतो म्हणून म्हाताऱ्याला फासावर चढवतील, असं माझ्या डोक्यात घणासारखं वाजू लागलं. बंडी हलली आणि मी खुंट्या उपटल्या. धोतरं गुंडाळून कडब्याच्या गंजीत खोल कोंबली. भोकं बुजवली. हात धुतले. तोवर बंडी दिसेनाशी झाली होती.

अकोला दोन मैल राहिलं असताना तो गेला. बाबाने मला नंतर सांगितलं. रस्ताभर बाबा रडत होता आणि तो बाबाचा हात थोपटत होता. "काई होत नाई," तो बाबाला म्हणाला. "काई होत नाई." मरणाऱ्याने मारणाऱ्याची समजूत घातली, असं बाबा म्हणाला. मी त्याला गप्प केलं. असं पुन्हा कुठे बोलायचं नाही म्हणून दरडावलं. बापाला.

चौकशी झाली. गोऱ्या साहेबाने मला विचारलं, "पट्टी बंद असल्याची खूण होती?" मी म्हणालो, "होती." "मग तो शेतात का उतरला?" मी म्हणालो, "माहीत नाही, सर." त्याने लिहून घेतलं. इतकं सोपं होतं ते. अकोल्याला ख्रिस्ती लोकांच्या कबरस्तानात त्याला पुरलं.

चार-पाच महिन्यांनी त्याच्या आईचं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव होतं, म्हणजे त्याने घरी माझ्याबद्दल लिहिलं होतं. तिने लिहिलं होतं: 'ते म्हणतात की बंद पट्टीची खूण असताना तो ओल्या काळ्या जमिनीत उतरला. माझा मुलगा त्याच मातीत रांगला आहे. तो असं करणार नाही. त्याचे वडील तेव्हापासून शेतावर गेलेले नाहीत. तुम्ही तिथे होता. मला खरं सांगा.'

बाबाने मला पत्र दोनदा वाचायला लावलं. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "लिही. बाई, तुमचं लेकरू चुकलं नाही. कपडा म्या आंथरला होता. मले समजलं नाही. म्या बलावलं म्हनून थो आला. पुढं लिही, माह्यं नाव लिही, गावाचं नाव लिही. जे करायचं ते करा म्हना."

तो बोलत होता आणि मी लिहीत होतो. मी लिहिलं: 'इंजिन बंद पडलं. पट्टीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. त्याने जे केलं ते कोणीही केलं असतं.' शेवटी सही केली आणि बाबाला वाचून दाखवलं, त्याने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. त्याने पाकिटाला हात लावून नमस्कार केला.

उत्तर आलं. आईने मला आशीर्वाद दिले होते. मुलाची चूक नव्हती हे कळल्यावर त्याच्या वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा नांगर जोडला, असं लिहिलं होतं. आता तुम्हीच सांगा, त्या खोट्याला मी काय म्हणू?

बाबा समोर उकिडवा बसला होता. "काय म्हनते?"

मी कागदाकडे बघत म्हणालो, "लिवते, की तुमी मुद्दाम केलं नाही. माह्या मनात काई नाही. देवानं नेलं त्याले."

त्याने कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. आणि मघाचे शब्द मला आठवेनात. या वेळी 'देवाची मर्जी' असं काहीतरी आलं, 'मुद्दाम' राहूनच गेलं. बाबाला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं तो विसरत नसे.

"मघाशी असं नव्हतं," तो म्हणाला.

मी कागदाची घडी घातली.

"कोनती माय असं लिवते रे? मले शिव्या लिवल्या असत्या तं म्या मानलं असतं." तो उठला. "तू तिले लिवलंच नाही. पत्ता दे. मी मास्तरकडून लिवून घेतो."

मी म्हणालो, पाकीट ऑफिसात आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो, सापडत नाही. दोन्ही पाकिटं मी त्याच रात्री चुलीत घातली होती.

पुढे स्वराज्य आलं. म्हाताऱ्याला आता कोणी धरून नेणार नव्हतं. भीती संपली, पण तोवर लाज अंगात मुरली होती. त्या बाईला आता काय लिहायचं? की मी खोटं लिहिलं होतं, तुमच्या नवऱ्याला सांगा? पट्टी ओस पडली, तिच्यावर गुरं बसू लागली. बाबा दर महिन्या-दोन महिन्यांनी, भाकरी खाता खाता, मान वर न करता विचारायचा, "पत्ता घावला का रे?" मी म्हणायचो, नाही. तो पुढचा घास घ्यायचा. अशी दहा-बारा वर्षं गेली.

शेवटच्या दुखण्यात त्याचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. माय चमच्याने पाणी पाजत होती. त्याने तिचा हात बाजूला सारला आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"पत्ता?"

"नाही सापडला, बाबा," मी म्हणालो.

शेताचं नाव, डाकघराचं नाव, प्रांत, देश. सगळा मला तेव्हाही पाठ होता.